पुण्यातली खुर्ची की घरची पडवी: कोकणातल्या नव्या गेम आर्टिस्टसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात गेम आर्ट, म्हणजे गेममधल्या भिंती, वस्तू, जागा संगणकावर 3डीत घडवणं, शिकणाऱ्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत लागायचं की घरीच बसून फ्रीलान्स कामं धरायची? आम्ही दोन्ही केलं आहे आणि दोन्हीकडच्या नव्या मुलांकडून काम करूनही घेतलं आहे. पगार आणि मोकळीक यांचे हिशेब महत्त्वाचे आहेत, ते पुढे देतोच. पण पहिली दोन वर्षं त्याहून महत्त्वाची एकच गोष्ट असते: तुमच्या फाइलमधली चूक रोज कोण दाखवणार? चूक दाखवणारा माणूस ज्या वाटेवर आहे ती वाट धरायची. बहुतेकांच्या बाबतीत ती स्टुडिओची निघते.

चूक म्हणजे काय, ते एका जांभ्याच्या भिंतीवरून सांगतो.

जांभ्याचा गडगा कोकणात प्रत्येकाच्या दारात आहे, म्हणून पोर्टफोलिओला हा विषय आम्ही आवर्जून सुचवतो. टेपने चिरा मोजा, सांध्याची जाडी मोजा. फोटो ढगाळ दिवशी काढा. उन्हात काढलेल्या फोटोत प्रत्येक भोकाची सावली पक्की होते आणि ती पुढे टेक्सचरमधून, म्हणजे 3डी आकारावर चढवायच्या चित्रातून, काढता येत नाही. एकदा कोरड्या भिंतीचे काढा, एकदा पाऊस पडून गेल्यावर. ताजा चिरा तांबूस-पिवळा असतो, जुना काळवंडतो, आणि शेवाळ खालच्या थरांवर जास्त चढतं. हे पाहिलेला माणूस आणि गुगलवरचा फोटो उचललेला माणूस यांच्या कामातला फरक लगेच कळतो.

भिंतीचा टेक्सचर 2 मीटर बाय 2 मीटरचा धरा. थर्ड पर्सन गेमसाठी (ज्यात आपलं पात्र मागून दिसतं) सेंटिमीटरला 10.24 पिक्सेल ही घनता सर्रास वापरतात. त्या मापाने 200 सेंटिमीटरचे बरोबर 2048 पिक्सेल होतात. मोठी भोकं हाइट मॅपमध्ये (उंच-सखलपणाचं चित्र), बारीक खडबड नॉर्मल (पृष्ठभागावर प्रकाश कसा वळतो) आणि रफनेस (0 म्हणजे चकचकीत, 1 म्हणजे खरखरीत) या मॅपमध्ये. मेटॅलिक, म्हणजे धातूपणा, सरळ शून्य. कोरड्या जांभ्याचा रफनेस 0.9 च्या आसपास ठेवा, ओल्याचा 0.35 पर्यंत आणा. एखादा चिरा फार उठून दिसत असेल तर तो काढा, कारण भिंत दहा मीटर लांब झाली की तोच चिरा पाच वेळा डोळ्यांत खुपतो.

इथवर घरी बसून जमतं. चुका होतात त्या पुढे. भिंत अनरियल या गेम इंजिनमध्ये (ज्यावर गेम चालतो ते सॉफ्टवेअर) आणली आणि वरून प्रकाश टाकला की भोकं आत जाण्याऐवजी फोडांसारखी वर आलेली दिसतात. कारण साधं आहे: अनरियल डायरेक्टएक्स पद्धतीचा नॉर्मल मॅप मागतं आणि फाइल ओपनजीएल पद्धतीने बाहेर काढलेली असते. या दोन पद्धतींत मॅपमधला हिरवा चॅनेल एकमेकांच्या उलट असतो, तो फिरवला की काम झालं. दुसरी चूक रफनेसची. तो मॅप इंजिनमध्ये घेताना एसआरजीबीची खूण (रंगांच्या चित्रासाठीची सेटिंग) काढायची राहिली, तर 0.5 ची किंमत सुमारे 0.21 धरली जाते आणि भिंत हवी त्याहून जास्त चमकते. शिकणारा मग रंग गडद करतो, दिवे कमी करतो, टेक्सचर पुन्हा रंगवतो, आणि असे चार दिवस जातात. लीड, म्हणजे टीममधला वरिष्ठ आर्टिस्ट, मागून जाता जाता सांगतो, "एसआरजीबी बघ." दहा सेकंदांत विषय संपतो.

दिसायला ही किरकोळ बाब आहे, पण वर्षभरात असे दोनशे प्रसंग येतात. प्रत्येकाला चार दिवस द्यायचे की दहा सेकंद, यावर तुमची दोन वर्षं ठरतात. फ्रीलान्समध्ये क्लायंट "काहीतरी बरोबर वाटत नाही" एवढंच लिहितो, किंवा काहीच लिहीत नाही आणि पुढचं काम दुसऱ्याला देतो. का दिलं, ते तुम्हाला कधीच कळत नाही.

दुसरा नमुना विहिरीवरच्या रहाटाचा. चाकाचा एकच आरा आणि परिघाचा एकच तुकडा नीट बनवायचा, बाकीचे त्याच्या प्रती. सगळ्यांचे यूव्ही (आकार उलगडून चित्रावर सपाट मांडलेले तुकडे) एकावर एक ठेवले तर टेक्सचरची बरीच जागा वाचते. पण बेक करताना (बारीक आकाराचा तपशील हलक्या आकाराच्या टेक्सचरवर उतरवताना) एक प्रत जागेवर ठेवून बाकीच्या प्रतींचे यूव्ही पूर्ण एक घर बाजूला सरकवावे लागतात. नाहीतर सगळ्या आऱ्यांची माहिती एकाच जागी पडते आणि लाकडावर काळे डाग उमटतात. जिथे कडा हार्ड, म्हणजे धारदार, ठेवली तिथे यूव्हीही कापलेला हवा, नाहीतर कडेला शिवण दिसते. 2048 च्या मॅपवर यूव्हीच्या बेटांमध्ये (सुट्या तुकड्यांमध्ये) 8 ते 16 पिक्सेल अंतर सोडा. लाकडाच्या कडांना गोलाई थोडी जास्तच द्या. खऱ्या मापाची गोलाई पाच मीटरवरून दिसतच नाही.

पोर्टफोलिओत अशी तीनच कामं पुरतात: एक भिंत, एक वस्तू, आणि मंगलोरी कौलं, खांब, झोपाळा असलेला पडवीचा एक कोपरा. प्रत्येकासोबत वायरफ्रेम (आकार ज्या त्रिकोणांचा बनतो त्यांची जाळी), यूव्हीचं पान, वेगवेगळे मॅप आणि त्रिकोणांची संख्या दाखवा. ट्युटोरियलमधली तीच बंदूक आणि तेच चिलखत लीडने शंभर वेळा पाहिलेलं असतं. रहाट त्याने पाहिलेला नसतो, आणि त्यामुळे मुलाखतीत बोलायला विषय मिळतो.

स्टुडिओची वाट आर्ट टेस्टपासून सुरू होते. तीन ते सात दिवस मिळतात. ब्रीफमध्ये 6,000 त्रिकोण म्हटलं असेल तर 6,000 च्या आतच राहा. 7,500 मध्ये कितीही सुंदर केलं तरी टेस्ट तिथेच पडते, कारण तपासणारा आधी सूचना पाळता येतात का ते बघतो. फाइलची नावं, पिव्हॉट (वस्तू ज्या बिंदूभोवती फिरते तो) आणि माप तपासा. अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, युनिटी या दुसऱ्या इंजिनात एक मीटर. या घोळापायी रहाट कधी बाहुलीएवढा तर कधी डोंगराएवढा येतो. टेस्टमध्ये एका वस्तूऐवजी चालू गेमचा अख्खा संच मागितला तर मोबदला विचारा. उत्तर टाळलं तर तिथून निघा.

ऑफर आली की आकड्याची फोड करा. वर्षाला 3 लाख 60 हजार सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हणजे महिन्याला 30 हजार हातात, असा समज घरोघरी असतो. मूळ पगार 15 हजार धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे 720 हे सीटीसीतच मोजलेले असतात. मग तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात येतात साधारण 25,500. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो. स्त्रियांना महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर तो लागत नाही. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हाती येत नाही, म्हणून पहिल्या नोकरीत तो आकडा विसरलेलाच बरा. खोलीचं भाडं, मेस आणि गावी यायचं तिकीट वजा करून जे उरतं, ते या वाटेचं खरं उत्पन्न.

पगारापेक्षा आम्ही पुढचे प्रश्न विचारायला सांगतो, आणि ते मुलाखतीतच विचारायचे. एका लीडखाली किती आर्टिस्ट आहेत? पाच-सहा असतील तर रोज कोणीतरी तुमची फाइल उघडेल. पंधरा असतील तर तुम्ही पुण्यात राहूनही एकटेच. फीडबॅक कोण देतं, आतला लीड की फक्त परदेशातला क्लायंट? पहिल्या वर्षी काय बनवायला देणार? भारतातल्या बऱ्याच स्टुडिओंचं काम परदेशी कंपन्यांसाठी असतं. त्यात वर्षभर फक्त दगड किंवा फक्त गाड्यांची चाकं वाट्याला येऊ शकतात. केलेलं काम पोर्टफोलिओत कधी दाखवता येईल? गोपनीयतेच्या करारामुळे गेम बाजारात येईपर्यंत, आणि कधी कधी त्यानंतरही, ते दाखवता येत नाही. दोन वर्षं काम करून दाखवायला जुनाच रहाट उरतो, ही अडचण खरी आहे. तिच्यासाठी सुट्टीच्या दिवशी स्वतःचं एखादं काम चालू ठेवावं लागतं. पण आधी करारातलं कलम वाचा. काही करारांत नोकरीच्या काळात घरी केलेल्या कामावरही कंपनी हक्क सांगते, आणि बाहेरची कामं घ्यायला तर बहुतेक ठिकाणी मनाईच असते. म्हणून "नोकरी करता करता थोडं फ्रीलान्स" हा बेत वाटतो तितका सोपा नाही.

बाँडचं (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या हमीचं) कलम असेल तर रक्कम आणि मुदत बघा. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचंच नाही, अशी अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही. प्रशिक्षणाचा वाजवी खर्च मागण्याची अट मात्र टिकू शकते. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

आणि नोकरी म्हणजे खात्री, हेही घरच्यांना जरा समजावून सांगावं लागतं. 2025 च्या फेब्रुवारीत सिनेमा-गेमची दृश्यं बनवणारा परदेशी टेक्निकलर समूह कोसळला आणि भारतातल्या कलाकारांच्या नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला. रमी आणि फँटसीच्या ॲपसाठी चित्रं करणाऱ्यांची कामं थांबली. म्हणून स्टुडिओ कोणाच्या पैशावर चालतो हे विचारा. एकाच क्लायंटवर चालत असेल तर तुमची नोकरी त्या क्लायंटच्या हातात आहे.

आता घरची पडवी.

फ्रीलान्समध्ये पहिली चूक दर सांगण्यात होते. तो रहाट किती तासांचा, असं विचारलं की नवा माणूस बारा तास सांगतो. खरा हिशेब असा: संदर्भ आणि ढोबळ आकार 3 तास, हाय पॉली (बारीक तपशिलाचा आकार) 8, लो पॉली (गेममध्ये वापरायचा हलका आकार) आणि यूव्ही 5, बेक 2, टेक्सचर 8, इंजिनमध्ये तपासणी आणि रेंडर 2, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या 4. झाले 32. ईमेल, मीटिंग आणि इनव्हॉइस त्यात धरलेलेच नाहीत.

दर कसा काढायचा? नोकरीएवढे 25 हजार हातात हवेत असं धरू. 90 हजारांचं मशीन तीन वर्षांवर वाटलं तर महिन्याला 2,500. वीज, फायबर, जोडीला मोबाइल डेटा आणि सॉफ्टवेअर मिळून 2,500. आरोग्य विम्याला 1,000. एकूण 31 हजार. आता महिन्यात बिल लावता येतील असे तास किती? पहिल्या वर्षी 80 मिळाले तरी चांगले, बाकीचे काम शोधण्यात आणि टेस्ट देण्यात जातात. म्हणजे तासाला साधारण 390 रुपये, आणि रहाटाचे 12,500. "पाच हजारांत करून द्या, पुढे खूप काम आहे" म्हणणाऱ्याकडे तुम्ही तासाला 156 रुपयांवर काम करता, आणि पुढचं कामही तो त्याच दराने मागतो. फायव्हरसारख्या फ्रीलान्स कामांच्या साइटवर 20 टक्के कापले जातात, तिथे 12,500 हाती यायला 15,625 सांगावे लागतात. बनवलेल्या वस्तू ऑनलाइन दुकानात ठेवायच्या तर युनिटीच्या ॲसेट स्टोअरवर विक्रीचे 70 टक्के तुम्हाला मिळतात, एपिकच्या फॅबवर 88. पण एखाद-दुसऱ्या रहाटावर घर चालत नाही. सुटा नग खपायला कठीण. अख्ख्या कोकणी अंगणाचा संच केलात तर विचार करण्यासारखं आहे.

सॉफ्टवेअरसाठी कर्ज काढू नका. ब्लेंडर (3डीसाठी) आणि क्रिता (चित्रासाठी) फुकट आहेत, आणि क्लायंटला शेवटी एफबीएक्स (3डी आकाराची फाइल) आणि टेक्सचर हवे असतात. पैसे घालायचेच तर आधी रॅम 32 जीबी करा.

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण असायला हवा. त्यात त्रिकोणांची संख्या, टेक्सचरचं माप, कोणते मॅप, कोणतं इंजिन, दुरुस्तीच्या किती फेऱ्या आणि क्लायंटने किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे लिहा. पैशाची विभागणी आम्ही 40-30-30 ठेवतो: सुरुवातीला 40, ढोबळ आकार मंजूर झाला की 30, आणि मूळ फाइल देण्याआधी शेवटचे 30. आकाराला लेखी मंजुरी घेतल्याशिवाय हाय पॉलीला हात लावू नका. "चाक जरा मोठं करा" हे ढोबळ आकारात पाच मिनिटांचं काम असतं, बेक झाल्यावर दोन दिवसांचं.

हक्कांचं कलम मन लावून वाचा. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट 1957 च्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. फ्रीलान्समध्ये हक्क देताना ते लेखी द्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. क्लायंटला जगभरचे कायमचे हक्क हवे असतील तर तसं लिहून घ्यावं आणि त्याची किंमत द्यावी. "शेवटचा हप्ता मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील" हे वाक्य तुमच्या बाजूने घालायला विसरू नका. पैसे अडकतात तेव्हा हेच वाक्य कामी येतं.

भारतातल्या कंपन्यांकडून येणं थकलं तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, उपयोगी पडते. ती फुकट आणि ऑनलाइन होते. सूक्ष्म उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. इनव्हॉइसवर उद्यम क्रमांक छापला तरी बऱ्याच हिशेब विभागांना जाग येते. नोंदणी काम घेण्याआधी करा. परदेशी क्लायंटला हा कायदा लागत नाही, तिथे ॲडव्हान्स हाच आधार.

कराचं थोडक्यात. एका क्लायंटकडून वर्षात 50 हजारांवर फी गेली की तो 10 टक्के टीडीएस कापतो. तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो का ते बघा, रिटर्न भरल्यावर बहुतेक नव्या माणसाला तो परत मिळतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणी वर्षाला 20 लाखांपर्यंत लागत नाही. परदेशातून पैसे आले की बँकेकडून किंवा पैसे पाठवणाऱ्या सेवेकडून आवक पावती मागून ठेवा.

कोकणात बसून काम करायचं तर वीज आणि पाऊस हेही हिशेबात धरायला हवेत. एक किलोव्होल्ट-ॲम्पियरचा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो, म्हणजे सेव्ह करून बंद करण्याएवढीच. राउटरला वेगळा छोटा यूपीएस घ्या, तो काही तास चालतो. बेक किंवा रेंडर रात्री लावून झोपायची सवय मे-जून आणि ऑक्टोबरच्या विजांच्या दिवसांत सोडा, आणि गडगडायला लागलं की प्लग काढा. खारं दमट वारं पंख्यांत आणि जोडण्यांत बसतं. पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवलं तर आतला ओलावा कमी राहतो. कामाची एक प्रत मशीनवर, एक बाहेरच्या ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेवा, कारण पहिल्या दोन एकाच घरात असतात. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा ज्यांची प्रत फक्त घरात होती त्यांचं सगळंच गेलं असणार. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून जून ते ऑगस्टच्या कामांना दर आठवड्यामागे एक दिवस जादा मागा आणि नैसर्गिक आपत्तीचं कलम घाला. परदेशी क्लायंटला कोकणचा पाऊस माहीत नसतो, पण आधी सांगितलं तर तो समजून घेतो. मुदत उलटल्यावर सांगितलं तर ती सबब ठरते.

घरातला माणूस मोकळा, अशी गावाची समजूत असते. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला हाक येते, गणपतीत दहा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. हे बदलणार नाही आणि बदलूही नये. त्या तारखांना डिलिव्हरी ठेवू नका, इतकंच आपल्या हातात. स्टुडिओत असाल तर गणपतीची रजा जूनमध्येच टाका. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या काही मिनिटांत भरतात.

ज्यांना घर सोडता येत नाही, आईवडील थकलेले आहेत, लहान मूल आहे, त्यांनी पुणं नाही म्हणून हातपाय गाळू नयेत. पण चूक दाखवणारा माणूस त्यांना स्वतः शोधावा लागेल. महिन्यातून दोनदा तासाभराचा रिव्ह्यू पैसे मोजून घ्या. स्टुडिओत काम करणारे अनुभवी आर्टिस्ट असे तास देतात, आणि पाचशे व्हिडिओंपेक्षा ते पैसे सत्कारणी लागतात. जानेवारीतल्या ग्लोबल गेम जॅममध्ये उतरा. दोन दिवसांत प्रोग्रामरच्या हातात फाइल द्यावी लागते तेव्हा नावं, माप आणि पिव्हॉट यांचं महत्त्व आपोआप कळतं. काही स्टुडिओ घरून काम देतात, पण गोपनीयतेमुळे स्टुडिओचंच मशीन आणि बंदिस्त नेटवर्क लावतात. मुलाखतीआधी घरच्या फायबरचा अपलोड वेग दुपारी आणि रात्री मोजून ठेवा, तो आकडा ते विचारतात.

स्टुडिओ सोडून घरी यायची वेळ आम्ही साधारण दीड-दोन वर्षांनी धरतो, तीही काही खुणा दिसल्यावर. तुमचं काम बहुतेक वेळा एका फेरीत मंजूर होतं. तासांचा अंदाज पाच तासांमागे एका तासापेक्षा जास्त चुकत नाही, आणि हे कळायला नोकरीत पहिल्या दिवसापासून प्रत्येक वस्तूचे तास वहीत लिहिलेले हवेत. सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे. नोटीस संपल्यावर काम देऊ शकतील असे दोन तरी क्लायंट नजरेत आहेत. एकाच्या शब्दावर राजीनामा देऊ नका. नोटीस 60 किंवा 90 दिवसांची असते, ती अशा बेताने द्या की ऑक्टोबरात मोकळे व्हाल. पावसाच्या तोंडावर घरी येऊन पहिलं काम सुरू करणं म्हणजे विजेशी, नेटशी आणि नव्या क्लायंटशी एकाच वेळी झुंजणं.

शेवटच्या आठवड्यात एचआरकडून रिलीव्हिंग लेटर घ्या आणि पीएफचा यूएएन क्रमांक लिहून ठेवा. तो पीएफ लगेच काढू नका. आणि कोणत्या गेममधलं तुमचं कोणतं काम कधीपासून दाखवता येईल, याचं लेखी उत्तर तुमच्या स्वतःच्या ईमेलवर मागा. कंपनीचा ईमेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो.